नकाशातली कोरी जागा फुकट नसते: एका खोऱ्यातल्या फायबर रूटची केस

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या पायथ्याशी एक खोरं आहे, नाव सांगत नाही, कारण तिथं केबलवाले दोन-तीनच आहेत आणि वाचणाऱ्याला लगेच कळेल कोण ते. मधून नदी, एका बाजूनं राज्यमार्ग, दुसऱ्या बाजूनं कॅनॉल, खाली ऊस आणि वर डोंगर. तालुक्याच्या गावात एका केबल ऑपरेटरचं ऑफिस आहे, त्यांना आपण दादा म्हणू. पूर्वी डिश अँटेना लावून टीव्हीची केबल द्यायचे, आता ब्रॉडबँड देतात. खोऱ्यातल्या ९ गावांना टॉवरवरून रेडिओनं नेट जायचं. उन्हाळ्यात बरं चालायचं पण पावसाळ्यात झाडं वाढली, धुकं बसलं, लाईट गेली की सगळं बंद, आणि मग ऑफिसचा फोन दिवसभर वाजणार. म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर दादांनी ठरवलं की शेवटच्या गावापर्यंत फायबर टाकायची.

त्यांनी मला एक केएमएल फाईल पाठवली. मोबाईलवर गुगल अर्थमध्ये बोटानं काढलेली लाल रेघ, तालुक्यापासून शेवटच्या गावापर्यंत, दोन ठिकाणी नदीवरून सरळ उडी मारलेली. सोबत व्हॉइस मेसेज, "सर, एवढंच किती किलोमीटर होतंय ते सांगा, केबलच्या ड्रमची ऑर्डर द्यायचीय."

मी जीआयएसची, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशांची कामं करतो, बहुतेक पाणलोट आणि गावनकाशे. केबलचं हे माझं दुसरंच काम होतं हे आधीच सांगून टाकतो, पुढच्या काही चुका त्यातून आल्यात.

अडचण नेमकी काय होती

दादांच्या मते अडचण एकच, लांबी. मला बघता बघता तीन दिसल्या.

पहिली लाईटची, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची. जीपॉनमध्ये, म्हणजे एका फायबरची लाईट अनेक घरांना वाटायच्या पद्धतीत, ऑफिसच्या ओएलटी या मशीनपासून घरातल्या ओएनटी या डब्यापर्यंत लाईट किती कमी झालेली चालते (डीबीमध्ये मोजतात, त्याला लॉस म्हणतात) त्याला मर्यादा असते, दादांकडचे मोड्यूल बी प्लस वर्गाचे म्हणजे २८ डीबी. हिशोब साधा आहे. रस्त्यानं २४ किलोमीटर धरले आणि किलोमीटरला ०.३५ डीबी, झाले ८.४. ड्रम २ किलोमीटरचा, म्हणजे वाटेतले आणि टोकाचे धरून १४ एक जॉइंट, प्रत्येकी ०.१ धरला की १.४. कनेक्टर चार, प्रत्येकी अर्धा, झाले २. आणि ३२ घरांना वाटायचं तर लाईट वाटणारा स्प्लिटर एकटाच १७.५ च्या आसपास खातो. बेरीज २९.३. म्हणजे केबल टाकायच्या आधीच शेवटचं गाव कागदावर नापास. दादांच्या रेघेत हे दिसत नव्हतं कारण ती रेघ नदीवरून गेल्यामुळं १९ किलोमीटरचीच होती.

दुसरी जमिनीची. खाली काळी माती, मध्ये मुरूम, वर कातळ. काळ्या मातीत चर अर्ध्या दिवसात निघतो पण उन्हाळ्यात तीच माती फाटते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कातळात ब्रेकर लावला की मीटरचा रेट कुठल्या कुठं जातो.

तिसरी, परवानग्या. राज्यमार्ग एका खात्याचा, कॅनॉल दुसऱ्याचा, डोंगरातला तुकडा वनखात्याचा, गावातले रस्ते ग्रामपंचायतीचे. अर्ज करायचा तर रूट ठरलेला पाहिजे, आणि कोण हो म्हणतंय ते कळल्याशिवाय रूट ठरत नाही. त्यात मधेच १ जानेवारी २०२५ पासून राइट ऑफ वेचे, म्हणजे केबल टाकायच्या परवानगीचे, नवे नियम लागू झाले, म्हणजे जुन्या कागदांवर परत एकदा नजर टाकणं आलंच.

पहिला रूट, जो मीच रद्द केला

मी क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पुस्तकात असतं तसं केलं. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत, यूटीएम ४३ उत्तर. भुवन या सरकारी साईटवरून कार्टोडेम, ३० मीटरचा; डेम म्हणजे जमिनीच्या उंचीचा नकाशा, ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपचे, त्यात गावाकडचे निम्मे रस्ते नव्हतेच, ते सॅटेलाईट इमेजवरून हातानं काढले, त्यात तीन रात्री गेल्या. खडकाची माहिती भूकोश या सरकारी साईटवरून. मग प्रत्येक थराला वजन, म्हणजे तिथून केबल नेणं किती महाग त्याचा आकडा. इथं लोक मोठमोठी गणितं करतात, मी सरळ दोन कंत्राटदारांना फोन करून रेट विचारले आणि मातीचा १ धरला तर मुरमाचा दीड, कातळाचा ५ असं बसवलं. सगळं रास्टरमध्ये, म्हणजे १० मीटरच्या चौकोनांच्या (पिक्सेलच्या) जाळीत ओतलं, ग्रास या सॉफ्टवेअरचं आर डॉट कॉस्ट चालवलं, जे प्रत्येक पिक्सेलपर्यंत पोचायचा एकूण खर्च काढतं, आणि त्यावरून सगळ्यात स्वस्त वाट काढली.

उत्तर आलं २०.८ किलोमीटर. मी खूश, दादा तर फारच खूश. दुसऱ्या दिवशी झूम करून बघायला लागलो आणि तीन भानगडी सापडल्या.

एक, रेघ नदी ओलांडत होती, पूल नसलेल्या ठिकाणी. मी नदीला भयंकर जास्त वजन दिलेलं, तरी. कारण असं की नदीची रेघ रास्टर करताना एकेका पिक्सेलची साखळी होते, ती तिरपी गेली की दोन पिक्सेल फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभे असतात, आणि वाट शोधणारा त्या कोपऱ्यातून तिरपा सटकतो. त्याच्या हिशोबात त्यानं नदी ओलांडलीच नाही. उपाय सोपा, रास्टर करताना रेघ ज्या ज्या पिक्सेलला शिवते ते सगळे भरायचे, किंवा नदी आधीच बफर करून जाड करायची. पण ते माहीत पाहिजे.

दोन, घाटातला रस्ता सोडून रेघ खालच्या घळीतून चालली होती. ३० मीटरच्या डेममध्ये रस्ता दिसतच नाही, दिसतो तो डोंगराचा उतार. रस्ता स्वतः मजेत पाच-सहा टक्के चढाचा आहे, पण पिक्सेल म्हणतो इथं उतार ३५ अंश. म्हणजे जिथं माणूस आरामात स्कूटर चालवतो तिथं सॉफ्टवेअरला कडा दिसतो. मग मी उताराचं वजन रस्त्याच्या पिक्सेलवरून काढूनच टाकलं, फक्त रस्ता सोडून जायचं असेल तिथं ठेवलं.

तीन, आणि हीच खरी. खोऱ्याच्या पूर्वेला रेघ एकदम वळून एका पट्ट्यातून जात होती, साधारण सव्वा किलोमीटर रुंद, वरपासून खालपर्यंत. बघतो तर खडकाच्या नकाशाची तिसरी शीट मी उतरवलीच नव्हती. तो पट्टा कोरा होता. आर डॉट कॉस्ट मुळात कोऱ्या पिक्सेलला भिंत समजतं, तिथून जातच नाही, ते बरं आहे. पण थरांची बेरीज करताना मधे मधे भोकं पडतात म्हणून मी 'फिल नोडेटा' मारून सगळीकडं शून्य भरलेलं. शून्य म्हणजे काय, खोदायला शून्य खर्च! सॉफ्टवेअरला वाटलं इथं फुकटात चर मिळतोय, पळा. प्रत्यक्षात तो नुसता उघडा कातळ होता, तिथं गवत पण नीट उगवत नाही.

शीट टाकली, नदी जाड केली, परत चालवलं, २३.४ किलोमीटर आले. दादा म्हणाले, "सर, काल कमी सांगितलं होतं की."

तोलून पाहिलेले पर्याय

तीन पर्याय टेबलावर आले.

राज्यमार्गाच्या कडेनं पूर्ण अंडरग्राउंड. लांबी जास्त, पण गावं सगळी रस्त्यालगत, फॉल्ट आला तर गाडी थेट जागेवर जाते. अडचण म्हणजे परवानगी, खोदलेला रस्ता पूर्ववत करायचे (रिइन्स्टेटमेंटचे) पैसे आणि घाटातला अडीच किलोमीटर कातळ.

कॅनॉलचा सर्व्हिस रोड. नकाशावर हाच सगळ्यात देखणा, सपाट, मऊ, १९ किलोमीटरच्या आत. पण कॅनॉलच्या भरावात चर मारला की पाणी झिरपायची भीती, आणि खात्यातल्या एका जाणत्या माणसानं चहा पिता पिता सांगितलं की अर्ज करू नका, उगाच वेळ जाईल. शिवाय डोंगराच्या बाजूला कॅनॉल कापून काढलेला आहे. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरडी येऊन माणसं गेली, त्या आठवणीनंतर असल्या कापलेल्या उताराखाली केबल टाकायची माझीच इच्छा नव्हती. एका दिवसात हा पर्याय गेला.

तिसरा, सगळीकडं पोल टाकून वरून केबल. स्वस्त आणि जलद. पण हे उसाचं खोरं आहे. गळीत हंगामात डबल ट्रॉली एवढी उंच भरलेली असते की रस्ता क्रॉस करणारी केबल ओढून नेते आणि ड्रायव्हरला पत्ताही नसतो. आणि तोडणी झाली की शेतकरी पाचट पेटवतात, बांधावरच्या पोलवरची केबल त्यात मेणासारखी वितळते. दादांनी जुन्या टीव्हीच्या केबलला हे दोन्ही अनुभव घेतलेले, त्यामुळं समजावून सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या कुणाची डार्क फायबर, म्हणजे टाकलेली पण न वापरलेली, भाड्यानं घ्यायचाही विषय निघाला, पण सगळ्या गावांत ती नव्हती म्हणून तिथंच मिटला.

काय केलं

उरला राज्यमार्गाचा पर्याय. मी हट्ट धरला की पूर्ण रूट आधी बाईकवरून बघायचा. फोनवर क्यूफील्ड हे जागेवर पॉइंट घ्यायचं ॲप टाकलं, मागं दादांचा लाईनमन, आणि तीन दिवस निघालो. प्रत्येक मोरी, पूल, दुसऱ्या कंपनीचा रूट मार्कर, उघडा खडक, ट्रान्सफॉर्मर, सगळ्याचे पॉइंट घेतले. फोनचा जीपीएस चार-पाच मीटर इकडं तिकडं होतो, पण रस्त्याच्या डाव्या कडेला की उजव्या हे आम्ही हातानं लिहायचो, कारण खोदणाऱ्याला तेच लागतं.

या तीन दिवसांत जे कळलं ते कुठल्याच ऑनलाईन नकाशात नव्हतं.

सहाव्या किलोमीटरनंतर रस्त्याकडेच्या झाडांवर रंगानं नंबर टाकलेले होते. लाईनमन म्हणाला, "झाडं मोजलीत म्हंजी रस्ता रुंद होनार." पुढं एका बाजूला ताजा मुरूम दिसला, पाण्याची नवी लाईन नुकतीच गेलेली, म्हणजे ती बाजू आपल्याला बंद. पुलाजवळच्या गावात एका आबांनी शाळेच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं, "हितपातूर आलतं पाणी, एकोणीसला. आन एकवीसला ह्याच्या वीतभर खाली." मी तिथं पॉइंट घेतला, मग आणखी पाच ठिकाणी विचारून पाच पॉइंट घेतले आणि डेमवर त्या उंचीची रेघ काढली. डेमची उंची अशा कामाला कच्ची आहे हे मान्य, पण केबलच्या जॉइंटचे कुठले चेंबर पाण्याखाली जातील हे ढोबळ समजायला पुरली. तीन चेंबर त्यामुळं वर सरकवले.

आता मुख्य निर्णय. ज्या पट्ट्यात रुंदीकरण होणार असं वाटत होतं तिथं खोदायचं का? दादांचं म्हणणं, "रुंदीकरण म्हणत्यात, पाच वर्षं तरी लागत्यात, तोवर पैसे वसूल." त्यात तथ्य होतं. माझं म्हणणं की रस्त्याच्या हद्दीच्या अगदी शेवटाला टाकली तर वाचेल, पण हद्द कुठं संपते? महाभूनकाशा या सरकारी साईटवरचा गावनकाशा आणून इमेजवर बसवला, तर गटांच्या रेघा आणि जमिनीवरचे बांध १५-२० मीटरनं चुकत होते. असल्या नकाशावर भरवसा ठेवून कुणाच्या बांधात चर मारला तर भांडण ठरलेलं. इथं जीआयएसनं उत्तर दिलं नाही, फक्त आपल्याला उत्तर माहीत नाही एवढं स्वच्छ दाखवलं. तो पट्टा मी नकाशावर लाल केला आणि वजन मुद्दाम वाढवून परत रन केलं, तर रेघ पाणंद रस्त्यानं गेली. ३.८ किलोमीटर पाणंद, एकूण लांबी १.२ किलोमीटरनं वाढून २४.६.

पाणंद म्हणजे कागदावर रस्ता, प्रत्यक्षात दोन्हीकडून शेत आत सरकलेलं. सरपंचांनी शेतकऱ्यांना देवळात बसवलं. मी लॅपटॉप उघडून रेघ दाखवली, तिचा उपयोग शून्य झाला. ए-थ्री कागदावर प्रत्येकाच्या विहिरीचं आणि वस्तीचं नाव घालून प्रिंट नेली तेव्हा बोलणं सुरू झालं. एका अण्णांनी अट घातली, "चर मारताय तर आमची ठिबकची पाईप बी टाका त्यात." ९०० मीटरला हे मान्य केलं, दादांना वाटलं फुकटात परवानगी मिळाली, मलाही वाटलं.

बाकीचं भराभर सांगतो. घाटातला २.६ किलोमीटर स्वतःच्या जीआय पोलवरून वरून नेला, तिथं ऊस नाही आणि कातळ आहे. पुलावर जीआय पाईप पाणी पुढं निघून जातं त्या बाजूला क्लॅम्प केला, कारण पुरात येणारे ओंडके पाणी येतं त्या बाजूला आपटतात. इतर ठिकाणी डक्टमध्ये, जमेल तिथं १.६५ मीटर खोल, खडक लागला तिथं कमी खोल पण वरून काँक्रीट. लाईटच्या अडचणीसाठी दोन पर्याय होते, ३२ डीबीचे सी प्लस मोड्यूल घ्यायचे किंवा मधल्या गावात दुसरी ओएलटी बसवायची. १४ व्या किलोमीटरवर दूध डेअरी आहे, तिथं बॅटरी बॅकअप आधीपासून होता, म्हणून ओएलटी तिथं. तिथून शेवटचं गाव १० किलोमीटर, हिशोब २३.७ डीबी, चार डीबी हातात राहतात. स्वस्त पर्याय मोड्यूलचा होता, पण चार वर्षांनी जॉइंट वाढले की ते चार डीबी उपयोगी पडतील असं आम्ही धरलं.

निकाल

केबल मेअखेर लागली. पहिल्या पावसाळ्यात रेडिओच्या जागी फायबरवर आलेली सगळी गावं चालू राहिली, पुलाचा पाईप जागेवर राहिला, वर सरकवलेल्या तीन चेंबरपैकी एकाच्या जुन्या जागेत खरंच गुडघाभर पाणी साठलं होतं. हे चांगलं.

वाईट दोन.

पहिलं, केबल कमी पडली. मी नकाशावरच्या २४.६ मध्ये तीन टक्के मिळवून १३ ड्रम म्हणजे २६ किलोमीटर सांगितले. लागली २६.३, वर टोकांचं कटिंग. मला वाटत होतं फरक पडला तर चढामुळं पडेल, पण चढाचा फरक नगण्य असतो, दहा टक्के चढाला लांबी अर्धा टक्काच वाढते. खाल्लं ते लूपनं. प्रत्येक चेंबरमध्ये १०-२० मीटरचं वेटोळं ठेवतात, पुलाला वर चढायचं, उतरायचं, झाडाला वळसा घालायचा. एकूण सात टक्क्यांच्या जवळ गेलं. शेवटच्या गावाच्या अलीकडं काम थांबलं आणि नवीन ड्रम यायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात त्या गावातल्या पोरांनी दादांना फोन करून करून हैराण केलं.

दुसरं, पहिला फॉल्ट. ऑक्टोबरमध्ये फायबरमधली लाईट गेली, ओटीडीआरनं (फायबर किती अंतरावर तुटली ते मोजणारं यंत्र) ऑफिसपासून ९.१२ किलोमीटर दाखवलं. दादांच्या पोरांनी माझा नकाशा उघडला, रेघेवर ९.१२ मोजलं आणि त्या जागी चार तास खोदलं. केबल तिथं ठणठणीत. तुटली होती जवळपास पाचशे मीटर अलीकडं, पाणंदीत, अण्णांच्या ठिबकच्या पाईपला गळती लागली म्हणून त्यांनी उकरलं तिथं. ओटीडीआर फायबरची लांबी मोजतो, लूप धरून, आणि माझी रेघ जमिनीवरची. दोन्ही आकडे बरोबर होते, फक्त एका गोष्टीचे नव्हते.

त्यानंतर लाईनमननं आणि मी प्रत्येक चेंबर उघडून केबलवर दर मीटरला छापलेला आकडा, आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा, टेबलमध्ये भरला. दोन दिवसांचं काम. नंतर आलेला फॉल्ट दहा-बारा मीटरच्या आत सापडला.

परत करायचं झालं तर

मीटरचे आकडे केबल टाकतानाच लिहिले असते, म्हणजे ते दोन दिवसही वाचले असते आणि अण्णांचं शेतही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, कंत्राटदाराच्या माणसाच्या हातात फोन द्यायचा कंटाळा केला.

ठिबकच्या पाईपचा निर्णय मी परत घेईन का? घेईन, त्याशिवाय पाणंद मिळालीच नसती. पण पाईप चराच्या वरच्या अंगाला, केबलपासून हातभर बाजूला आणि मध्ये पिवळी टेप असं लिहून घेतलं असतं. आम्ही एकावर एक टाकलं. आणि आमची रेघ सरकारच्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपशी जोडायला हवी होती, अण्णा काही ते ॲप बघणार नाहीत, पण जेसीबीवाला कंत्राटदार बघू शकतो.

कोऱ्या पिक्सेलसाठी आता मी वेगळा थरच ठेवतो, माहिती कुठून आली त्याचा. इमेजवरून, खात्याच्या नकाशावरून, कुणी सांगितलं, की काहीच नाही. 'काहीच नाही' असेल तिथं वजन कातळाएवढं, जाऊन बघेपर्यंत. यामुळं पहिला रूट नेहमी लांब आणि महाग येतो आणि गिऱ्हाईक नाराज होतं, पण नंतर तो कमी झाला तर कुणी तक्रार करत नाही. उलटं झालं की काय होतं ते मी दादांच्या तोंडून ऐकलंय.

पाणंदीच्या वळशाचं मात्र अजून ठरलेलं नाही. त्या १.२ किलोमीटरचा जास्तीचा खर्च रुंदीकरण होईल या अंदाजावर केला आणि रुंदीकरण अजून सुरू झालेलं नाही. झाडांवरचे नंबर दोन पावसाळ्यांत फिके पडलेत. दादा त्या रस्त्यानं गेले की गाडी थांबवून झाडाचा फोटो काढतात आणि मला पाठवतात, खाली काही लिहीत नाहीत.